डाव्या बाजूचा ठोका

“ही गाडी नाही, शिवी आहे,” निवृत्त वैमानिक काखेतलं हेल्मेट सावरत म्हणाला. “आणि मला हेच हवं होतं.”

“शिवी कसली? अजून सभ्यच आहे,” घड्याळांचं दुकान चालवणारी बाई म्हणाली. “दुसऱ्या वळणावर मी मुद्दाम मागची चाकं घसरवायला बघत होते, तर हिनं मलाच वळण लावलं. गाडीनं शिकवलेलं मला आवडत नाही.”

“आणि स्टिअरिंग?”

“त्याला मात्र तोड नाही. रस्त्यावर नाणं पडलेलं असलं तर छापा वर आहे की काटा, हे तळहाताला कळतं.”

दोन पावलांवर कानसेन उभा होता. हातात फळी, फळीच्या चिमट्यात छापील फॉर्म. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे मान वळवेपर्यंत अर्धं वाक्य होऊन गेलेलं असायचं. त्याच्या पदरात ‘शिवी’, ‘शिकवलेलं’ आणि ‘नाणं’ एवढेच शब्द पडले. वैमानिक हसत होता, बाईंच्या हाताचे पंजे हवेत स्टिअरिंग फिरवत होते. त्यावरून त्यानं अंदाज बांधला आणि लिहिलं : ‘स्टिअरिंग पसंत.’

कंपनीच्या चाचणीच्या ट्रॅकवर त्या दिवशी सहा पाहुणे आले होते; तिघं या गाडीवर, तिघं तशाच दुसऱ्या गाडीवर. सहाही गाडीवेडे. पोटापाण्याचे उद्योग वेगळे, पण गाड्यांवर लिहायला बसले की लाखभर माणसं वाचायची. आधीची गाडी आली तेव्हा यांच्यापैकीच कुणीतरी तिला ‘चार चाकांचा दिवाणखाना’ म्हटलं होतं. तो शब्द कंपनीच्या वरच्या मजल्यावर असा काही झोंबला, की तीन वर्षं खपून त्यांनी ही नवी गाडी केली. बाजारहाटाला किंवा बायकोमुलांना फिरवायला तिचा उपयोग शून्य; ती ट्रॅकवर पळवण्यासाठीच. खालचा गालिचा काढला, मागची सीट काढली, दारांतला आवाज दाबणारा नमदा काढला, काचा पातळ केल्या. ब्याण्णव किलो वजन उतरवलं.

त्या ब्याण्णव किलोंतले निम्मे तरी कानसेननं एकतीस वर्षांत घातलेले होते.

त्याचं कामच ते. नव्या गाडीत बसायचं आणि काय वाजतंय ते शोधायचं. कुठे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला घासतं, कुठे वायर पत्र्यावर आपटते, कुठला स्क्रू अर्ध्या आट्यानं ढिला आहे. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा एका मॉडेलमध्ये बारीक टकटक यायची. अकरा माणसं तीन आठवडे शोधत होती. हा डिकीत आडवा झाला, झाकण लावून घेतलं, गाडी फिरवायला सांगितली आणि बाहेर येऊन म्हणाला, “डाव्या सीटच्या पाठीत एक वॉशर पडलंय.” सीट उसवली तर निघालं. तेव्हाच्या साहेबांनी पाठीवर थाप मारून ‘कानसेन’ म्हटलं. ते नाव इतकं चिकटलं, की पगारपत्रकावरचं नाव वाचून नवी माणसं विचारायची, हे कोण?

आणि गेली चार वर्षं कानसेनला ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात गेलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं कदाचित. पण ते हळूहळू झिरपून गेलं. आधी किटलीची शिट्टी गेली, मग पाखरं, मग बायकांचे आवाज, मग पाठमोरं बोलणाऱ्या कुणाचाही आवाज. घरी बायको हाक मारायची ती बंद झाली. ‘अहो, ऐकलं का’ म्हणायची तिची जन्माची सवय, ती तिनं कधी सोडली हे दोघांनाही आठवत नाही. आता ती समोर येऊन दंडाला हात लावायची आणि तोंड दिसेल असं उभं राहून बोलायची. त्यात पायपीट फार, म्हणून मग बोलणंही कामापुरतं उरलं.

कारखान्यात दरवर्षी कान तपासायचे. काचेच्या खोलीत बसवायचे आणि आवाज आला की बोट वर करायला सांगायचे. कानसेन नर्सच्या खांद्याकडे बघायचा. बटण दाबताना तिचा खांदा किंचित खाली जायचा. चारही वर्षं तो पास झाला.

काम मात्र त्यानं निभावलं होतं, आणि लबाडीनं निभावलं असं म्हणता यायचं नाही. तळहात पत्र्यावर ठेवायचा. पेन्सिल दातांत धरून तिचं टोक डॅशबोर्डला टेकवायचा. आवाज हाडातून यायचा. बारीक किरकिर त्याच्या हातून सुटायची, पण जाड ठोका असेल तर इतरांच्या आधी त्याला लागायचा. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एवढे निघतील, असा त्याचा हिशेब होता.

विभागाचे साहेब त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनीच आग्रह केला. “पाहुण्यांच्या शेजारी तुम्हीच बसा. या गाडीत सगळंच वाजणार. त्यातला गाडीचा आवाज कुठला आणि आजाराचा कुठला, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि ते काय काय बोलतात तेही टिपा. तुमचं नाव त्यांनाही माहीत आहे.”

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आधी वैमानिकाबरोबर तीन फेऱ्या झाल्या होत्या. हेल्मेटच्या आत कापूस कोंबल्यासारखं झालं होतं आणि हेल्मेटमुळे समोरच्याचे ओठही दिसत नव्हते. इंजिन पाठीत घुमत होतं. वैमानिक अखंड बोलत होता, हे त्याच्या हनुवटीच्या पट्ट्यावरून कळत होतं. कानसेन मान डोलावत होता. फॉर्मवर त्यानं मनानंच चार शब्द लिहिले. घड्याळवाल्या बाईंबरोबर शेवटच्या फेरीत, त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तेव्हा, त्याच्या डाव्या खुब्याला काहीतरी लागलं. कुणी सीटखालून बोटाच्या पेरानं टिचकी मारावी इतकंच.

तो सावध झाला. पण सोमवारचंच ताजं होतं. त्यानं चाकांच्या जोडणीवाल्या इंजिनिअरला असंच काही विचारलं, तर तो हसून म्हणाला होता, “काका, या गाडीत चाकांच्या सांध्यांत रबर नाही, सगळं धातूवर धातू. पाठीला खडा न् खडा लागणार. या मंडळींना तेच हवंय. तुम्ही एकेक लिहीत बसलात तर कारखान्यातला कागद संपेल.” आजूबाजूचे चारजण हसले होते. कानसेनही हसला होता.

तिसरे आले ते दाताचे डॉक्टर. पन्नाशीचे, बुटके, हात मात्र लांब बोटांचे. इतरांसारखे ते बोलत नव्हते. पहिली फेरी त्यांनी हळू मारली, गाडीशी ओळख करून घ्यावी तशी. दुसऱ्या फेरीत वेग वाढवला. ठोका आता टिचकीएवढा राहिला नव्हता. पाय उचलला की डाव्या खुब्यात दोनदा लागायचं, पाय दाबला की एकदा. सरळ रस्त्यावर डॉक्टरांनी मान वळवली. हेल्मेटच्या काचेतून त्यांचे डोळे दिसले. भुवया वर गेल्या, हनुवटीचा पट्टा हलला. त्यांनी काहीतरी विचारलं होतं.

अशा वेळेसाठी कानसेनचा एक ठरलेला शिरस्ता होता. तो हसला. मान डोलावली. अंगठा वर केला.

डॉक्टरांनी पुढे बघितलं आणि पाय दाबला.

गाडी थांबल्यावर डॉक्टर उतरले आणि बाकीच्यांना काही सांगताना त्यांनी कानसेनकडे हात केला. सगळे त्याच्याकडे वळून आदरानं बघू लागले. काय सांगितलं ते त्याला कळलं नाही. तो पुन्हा हसला.

जेवणानंतर पाहुण्यांनी एकट्यानं गाडी चालवायची होती. पहिला नंबर डॉक्टरांचा लागला. मंडळी जेवत होती तेव्हा कानसेन एकटाच गाडीपाशी गेला. मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभा राहिला. गाडी बंद होती, पत्रा उन्हानं तापलेला होता, बाकी काही नाही. खालून बघायचं तर गाडी उचलून घ्यावी लागणार. म्हणजे चार माणसं बोलवा, अर्धा तास पाहुण्यांना खोळंबवा. आणि मग तो इंजिनिअर विचारणार : कसला आवाज? टक् की खट्? आत येतो की बाहेरून? हे सगळं विचारतील आणि विचारताना त्यांची तोंडं कुठेतरी भलतीकडे असतील. त्यानं हात काढून घेतला.

डॉक्टर दुसऱ्या फेरीला मोठ्या उजव्या वळणात शिरले. सगळं वजन डाव्या चाकांवर गेलं. कानसेन कुंपणापाशी उभा राहून बघत होता. गाडीचा मागचा डावा कोपरा, खुर्चीचा एक पाय मोडावा तसा, खाली बसला. पुढचं सगळं त्यानं आवाजाविना बघितलं. गाडी स्वतःभोवती दोनदा फिरली आणि चालकाच्या बाजूनं लोखंडी कठड्यावर गेली. इतर माणसं जेवणाच्या तंबूतून आवाज ऐकून निघाली. कानसेन त्यांच्या आधीच धावत सुटला होता.

दार आणि कठडा यांच्यामध्ये डॉक्टरांचा उजवा हात होता.

*

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते, दाढी वाढली होती. ते समोर बसून सावकाश बोलले, त्यामुळे कानसेनला बहुतेक कळलं.

“कोपराच्या वरून काढला हात. त्याच रात्री झालं ऑपरेशन. जीव वाचलाय.” मग त्यांनी एक कागद सरकवला. “गाडीत कॅमेरा होता. त्यातलं बोलणं टाइप करून घेतलंय. तुमच्या फेरीतलं.”

कागदावर तीनच ओळी होत्या.

चालक : मागे डाव्या बाजूला ठोका येतोय. पाय उचलला की. हे असंच असतं का या गाडीत?

सोबतचा तंत्रज्ञ : (हसून मान डोलावतो. अंगठा दाखवतो.)

चालक : मग ठीक. तुम्ही म्हणताय तर.

कानसेननं त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. साहेबांचे ओठ हलत होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी साहेबांनी टेबलावर बोटं आपटली आणि त्यानं मान वर केली.

“तुम्हाला दोष देत नाहीये मी,” साहेब म्हणाले. “उलट सांगतोय. तुम्ही ऐकलंत, तुम्हाला त्यात वावगं वाटलं नाही, तुम्ही तसं सांगितलंत. तुमचा शब्द इथे तीस वर्षं चाललाय. तुम्ही ठीक म्हणालात म्हणजे गाडी ठीक होती. मग डॉक्टर वळणात जास्त वेगानं शिरले, एवढंच उरतं.”

“आणि मोडतोड? मागच्या डाव्या चाकाला धरणाऱ्या दांड्याचा बोल्ट बघितला?”

“गाडीचा पार चेंदामेंदा झालाय, कानसेन. काय तुटलं म्हणून आपटली आणि काय आपटली म्हणून तुटलं, कोण सांगणार? बाहेरचे चौकशी अधिकारी गुरुवारी येतायत. त्यांच्यासाठी हे.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. “घरी न्या, वाचा, सही करून आणा. सातशे माणसं या गाडीच्या कामावर आहेत. तुम्हाला माहीत आहे.”

साहेब वाईट माणूस नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज कापत असावा, कारण मध्ये एकदा ते थांबले आणि पाणी प्यायले.

*

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. तीस वर्षं लोकांच्या लिहिण्यातल्या चुका काढून तिची नजर अशी झाली होती, की दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घही तिला टोचायचा. घरी आल्यावर कानसेननं तिला आधी तीन ओळींचा कागद दिला. तो झेरॉक्स काढून आणला होता. तिनं वाचला, चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“तुम्हाला काय वाटलं, काय विचारतायत?”

“काही नाही वाटलं. गाडी छान आहे म्हणत असतील, असं.”

मग तिनं फोन उचलला आणि त्याच्यासमोर धरला. दुपारपासून ती हेच वाचत बसली होती. अपघाताची बातमी सगळीकडे गेली होती आणि गाडीवेड्यांच्या जगात मतांना ऊत आला होता.

‘दात उपटणं वेगळं आणि ट्रॅकवर गाडी दामटणं वेगळं.’

‘वर्षानुवर्षं आम्हाला गाड्या शिकवायचे. एका वळणात कळलं काय ते.’

‘ही गाडी भोळ्याभाबड्यांसाठी नाहीच. म्हणून तर मी बुकिंग केलं.’

त्याखाली चारशे माणसांनी पसंतीची खूण केली होती. आणि वैमानिकानं नावानिशी लिहिलं होतं : ‘मी त्याच गाडीत दोन तास आधी होतो. गाडीत तीळभर दोष नव्हता. डॉक्टर घाबरले, वळणात पाय उचलला. अशा गाडीला भित्रा पाय चालत नाही.’

“त्यांची बहीण पण लिहितेय बिचारी मधून मधून,” बायको म्हणाली. “म्हणते, तो शुद्धीवर आहे, तो हे सगळं वाचतोय, कृपा करून थांबा. तर तिलाच सुनावतायत.”

कानसेननं फोन उलटा ठेवला. दुसरा कागद तिच्यापुढे सरकवला.

“सही करा म्हणतायत.”

“मग करा.” ती चटकन म्हणाली. इतकी चटकन, की तिचं तिलाच वाटलं असावं. ती खाली बघून, मग आठवण होऊन पुन्हा वर बघून बोलू लागली. “आठ महिने राहिलेत. तुम्ही सांगितलंत तर काय होणार? डॉक्टरांचा हात परत येणार आहे? कारखान्यातली माणसं तोंडावर थुंकतील. चार वर्षं फसवलं म्हणतील. नर्सची नोकरी जाईल. आणि मी? चार वर्षं तुमच्या वतीनं मी ऐकतेय. दारावरची बेल मी, फोन मी, पाहुणे आले की तुमच्या शेजारी बसून पायानं खुणा मी. कुणाला कळू नये म्हणून माहेरी जायचं सोडलं. ते सगळं कशासाठी केलं?”

एवढं लांब ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. कानसेन तिच्या ओठांकडे बघत राहिला.

मग तिनं कागद ओढून घेतला आणि वाचायला लागली. वाचताना सवयीनं तिचा हात टेबलावरच्या लाल पेनाकडे गेला. मजकूर चार ओळींचा होता : ‘सदर आवाज मी प्रत्यक्ष ऐकून व तो या वाहनाच्या रचनेस अनुसरून असल्याची खात्री करून चालकास तसे कळविले.’ पेन ओळीवरून सरकत गेलं आणि ‘ऐकून’पाशी थांबलं. त्या शब्दाखाली तिनं रेघ मारली. मग पेन ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

तिनं हात काढले. “मला अजूनही वाटतं, सही करावी,” ती म्हणाली. “पण हा शब्द मला बरोबर म्हणून पुढे पाठवता येत नाही.”

*

चौकशी अधिकारी बाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, आवाज बेताचा. तो बेताचा आहे हे कानसेनला इतर माणसं पुढे वाकून ऐकत होती त्यावरून कळलं. खोलीत साहेब, तो इंजिनिअर, कंपनीचे वकील आणि एक टंकलेखक. कानसेननं सही न केलेला कागद टेबलावर ठेवला.

“यात चूक आहे, बाई. मला ऐकू येत नाही.”

वकिलांनी काहीतरी म्हटलं. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. “कधीपासून?”

“चार वर्षं.”

“पण तुमचे तपासणीचे दाखले आहेत.”

“मी नर्सच्या खांद्याकडे बघत होतो. तिची चूक नाही. तिला ठाऊक नव्हतं.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते कानसेनकडे न बघता भिंतीकडे बघू लागले.

त्याच वेळी नर्सला बोलावलं. या खेपेस खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. कानसेन मांडीवर हात ठेवून बसला. भिंतीला करडा रंग होता आणि एका ठिकाणी जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक. पाठीमागे पाच माणसं श्वास रोखून बसली असतील, असं त्याला वाटत राहिलं. वीस आवाजांपैकी चारदाच त्याचं बोट वर गेलं. त्यातलंही एकदा काही वाजलंच नव्हतं, असं नंतर कागदावर दिसलं. नर्स फॉर्म भरताना रडत होती.

“मग हा ठोका,” बाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, “तो होता की नव्हता, हे तुम्ही सांगू शकत नाही.”

“होता. मला लागला.” त्यानं डाव्या खुब्यावर हात ठेवला. “इथे. घड्याळवाल्या बाईंच्या फेरीत हलका, डॉक्टरांच्या फेरीत स्पष्ट. वाढत चालला होता. डॉक्टरांना तो हाताला कळला असेल नाहीतर कानाला, पण त्यांना कळला. ते बरोबर होते.”

इंजिनिअर तटकन पुढे झाला. “लागला होता तर फॉर्मवर का नाही लिहिलात?”

कानसेन इंजिनिअरकडे वळला. टंकलेखकाचे हात यंत्रावर थांबून राहिले.

“लिहिलं असतं तर आवाज कसा होता ते तुम्ही विचारलं असतंत. मला सांगता आलं नसतं. आणि मग तुम्हाला कळलं असतं.”

टंकलेखकानं ते लिहून घेतलं.

*

कंपनीकडे तशाच आणखी तीन गाड्या होत्या. चौकशीच्या बाईंनी त्या समोर उभं राहून उघडायला लावल्या. दोन गाड्यांत मागच्या डाव्या दांड्याचा तोच बोल्ट अर्धा फेरा ढिला निघाला. बोल्ट आवळणारं यंत्र त्या बाजूला कमी जोरावर लावलं गेलं होतं. कंपनीनं पत्रक काढलं, की काही किरकोळ सुधारणांसाठी गाडी चार महिने उशिरा बाजारात येईल. पत्रकात डॉक्टरांचा उल्लेख नव्हता.

कानसेनला त्याच आठवड्यात घरी बसवलं. कागदोपत्री ‘वैद्यकीय कारण’ लिहिलं. निरोप नाही, हार नाही. कामगारांच्या पेट्यांच्या खोलीतून तो आपलं सामान पिशवीत भरून निघाला तेव्हा बाकावर बसलेली माणसं बुटांच्या नाड्या बांधायला लागली. नर्सची बदली दुसऱ्या कारखान्यात झाली. साहेब फाटकापर्यंत आले. “माझ्याशी आधी बोलला असतात तर,” ते म्हणाले आणि पुढचं बोलणं त्यांनी मान खाली घालून केलं, त्यामुळे ते कानसेनपर्यंत पोचलं नाही.

चार महिन्यांनी गाडी आली. गाडीवेडे पुन्हा तुटून पडले. वैमानिकानं पानभर लिहिलं : असा थरार या किमतीत दुसरा नाही, ब्रेक म्हणजे भिंत, आवाज म्हणजे नशा. कुणी म्हणालं, मागचा पंख फार मोठा झाला. कुणी म्हणालं, लहान झाला. डॉक्टरांचं नाव निघालं नाही. फक्त घड्याळवाल्या बाईंनी कुठेतरी तळाशी दोन वाक्यं लिहिली होती : ‘ठोका डॉक्टरांनी ओळखला होता. त्यांच्याआधी आम्ही दोघं त्याच गाडीत होतो, आम्हाला कळला नाही.’ बायकोनं ती दोन वाक्यं कानसेनला दाखवली. त्याखाली पसंतीच्या खुणा सहा होत्या.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला.

खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याच्या दारावर दुसऱ्या कुणा डॉक्टरांची नवी पाटी लागली होती. बहिणीनं दार उघडलं. त्यानं आपण कोण ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा आक्रसला, पण तिनं वाट अडवली नाही.

डॉक्टर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंग निम्मं झालं होतं. सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिनेनं लावलेली. बहीण दारातच थांबली. कानसेनच्या कानात आता यंत्र होतं, पण त्यानं नुसता कल्ला वाढला होता. भांडी, पंखा आणि माणसं सगळी एकाच गोळ्यात यायची. तो डॉक्टरांच्या समोर जाऊन उभा राहिला.

“त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत,” तो म्हणाला. “मला ऐकू आलं नव्हतं.”

“वाचलं मी चौकशीच्या अहवालात.” डॉक्टर त्याच्याकडे बघत होते, म्हणून कळलं. “एक अक्षरही नाही?”

“नाही.”

“मग हसलात कशाला?”

“सवय.”

डॉक्टरांनी मान हलवली, जणू एखाद्या रोग्यानं नको ते पण अपेक्षित उत्तर द्यावं. “मी गाडी थांबवणार होतो,” ते म्हणाले. “त्या फेरीतच थांबवणार होतो. आणि मग म्हटलं, हा माणूस एकतीस वर्षं हेच काम करतोय. आपण कोण?”

माफी मागायला म्हणून कानसेन आला होता. तिचे शब्द त्यानं घरून निघताना जुळवलेही होते. ते आता तोंडात आले नाहीत.

डॉक्टरांनी डाव्या हातानं खुर्चीची कड धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मग ते बोलायला लागले. बोलतायत हे त्यांच्या मानेच्या शिरेवरून आणि हलणाऱ्या खांद्यावरून दिसत होतं. यंत्रातून एक जाडसर घरघर येत होती, तिच्यात शब्द कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते लागत नव्हतं. एकदा खांदा जोरात हलला. एकदा बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. तिनं कानसेनकडे बघितलं, डॉक्टरांना काही सांगावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. कानसेननं तिला हातानंच थांबवलं.

इकडे वळून बोला, असं त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. डॉक्टरांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. हात खाली सोडून, मान थोडी झुकवून, ते संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.